आरएक्स हंड्रेडच्या पुढच्या शॉकपची सीलं: तीन जोड्या घातल्या, तिसरी टिकली

बाबांची यामाहा आरएक्स हंड्रेड १९९४ ची. नंबर केए २२ चा, टाकीला दोनदा रंग दिलाय, इंजिन एकदा बोअर केलंय. बाबा आजही त्याच गाडीवरून शेताकडं जातात आणि दुसरी गाडी घ्यायचं नाव काढू देत नाहीत. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, हायड्रॉलिक सिलेंडर जोडायच्या कामावर आहे. सील म्हणजे तेल आत अडवणारं रबरी कडं, रॉड, त्यावरचा क्रोमचा मुलामा हे माझं रोजचं काम. तरी या गाडीच्या पुढच्या शॉकपच्या सीलांच्या दोन जोड्या वाया गेल्या. तिसरी जोडी घालून आता दोन पावसाळे झाले आणि नळ्या कोरड्या आहेत, म्हणून तिन्ही जोड्यांबद्दल लिहितोय. जुनी गाडी सांभाळणारे आपल्या भागात पुष्कळ आहेत आणि सीलाच्या नावावर त्यांच्याकडून वाटेल ते पैसे घेतले जातात.

आमचं गाव बेळगावजवळचं यळ्ळूर. गावाभोवती सगळी भाताची शेतं. रोप लावण सुरू झाली की ट्रॅक्टरच्या केजव्हीलमागून, म्हणजे चिखलात चालायच्या लोखंडी पिंजऱ्यासारख्या चाकामागून, चिखल रस्त्यावर येतो आणि पुढच्या चाकावरून उडून थेट शॉकपच्या नळीवर बसतो. ऊन पडलं की तो वाळतो. वाळलेला चिखल म्हणजे वॉटर पेपरच समजा. खड्ड्यात गाडी दबली की तो सीलाच्या लिपखाली, म्हणजे नळीला टेकणाऱ्या रबराच्या कडेखाली, जातो. आमच्या गाडीला आधी नळीवर तेलाचं कडं दिसायला लागलं, मग उजवा बॉटम, म्हणजे शॉकपचा खालचा भाग, काळा पडला, आणि एके दिवशी बाबा म्हणाले, "ब्रेक दाबला की गाडी नाकावर बसत्या रे." बघितलं तर तेल ओघळत ब्रेकच्या प्लेटपर्यंत आलेलं. पुढचा ब्रेक ड्रमचा आहे. लायनरला तेल लागलं की ब्रेक पकडत नाही, आणि गाडीवर सत्तरीला आलेला माणूस. तेव्हापासून मी हे मनावर घेतलं.

पहिली जोडी एका मेकॅनिककडं बसवली. सुटी सीलं, पाकीट नाही, दोन्हींचे मिळून ८० रुपये. चार महिन्यांत परत तेल. काढल्यावर मी एक सील कापून बघितलं आणि कारण सापडलं. ते फिरणाऱ्या शाफ्टचं सील होतं, आम्ही ज्याला टीसी म्हणतो ते. मोटार, पंप, गिअरबॉक्स अशा ठिकाणी शाफ्ट एकाच जागी फिरतो, तिथं हे सील वर्षानुवर्षं चालतं. शॉकपची नळी फिरत नाही, वरखाली पळते, आणि प्रत्येक फेरीला तेलाचा पातळ थर सोबत ओढते. तो थर परत आत पुसून घ्यायला लिप वेगळी लागते, आणि वरून येणारी माती अडवायला दुसरी लिपही भक्कम लागते. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी हे तिन्ही आकडे जुळले म्हणून सील जुळलं असं होत नाही. दुकानात "शॉकपचं सील" म्हणूनच मागा आणि हातात आल्यावर वरची लिप बघा. टीसीला ती नावापुरती पातळ असते.

दुसऱ्या जोडीचं दुःख जास्त आहे, कारण तिथं पैसेही गेले आणि विश्वासही. बाबांचा आग्रह होता की ओरिजिनलच घाल. मी बेळगावात चार-पाच दुकानं फिरलो. एका ठिकाणी मालकानं माळ्यावरून डबा काढला, त्यातून पिवळं पडलेलं कंपनीचं पाकीट काढलं आणि म्हणाला, "ओरिजिनल ऐत्री अण्णा, ईगिन माल अल्ला." आत्ताचा माल नव्हे, जुना आहे, असं तो अभिमानानं सांगत होता. ४५० रुपये मोजले. घरी बाबांनी पाकीट हातात घेऊन दोनदा वाचलं. त्यांना फार बरं वाटलं होतं.

तीन आठवड्यांत डावीकडून तेल आलं.

आरएक्स हंड्रेड १९९६ साली बंद झाली. म्हणजे त्या काळच्या पाकिटातलं रबर आज जवळपास तीस वर्षांचं. ही सीलं बहुतेक नायट्राईल रबराची असतात, आणि नायट्राईल न वापरताही म्हातारं होतं. उष्णता, हवा, दुकानाच्या माळ्यावरचं पत्र्याखालचं ऊन, सगळं त्याला लागतं. आमच्या कारखान्यात स्टोअरवाला प्रत्येक सीलाच्या पाकिटावरची तारीख बघून जुनं आधी बाहेर काढतो. रबर साठवण्याच्या आयएसओ २२३० या नियमात नायट्राईलला नीट ठेवलं तर ७ वर्षं, आणि तपासून आणखी ३ वर्षं दिली आहेत. बेळगावातल्या माळ्यावर तीस वर्षं कोणी दिलेली नाहीत. मी ते काढलेलं सील बोटांत धरून लिप नखानं दाबली, तर ती दबली आणि तशीच राहिली. ताजं रबर नख काढताक्षणी परत उभं राहतं. दुकानात पैसे देण्याआधी ही एक तपासणी कोणालाही करता येते, त्याला फिटर असायची गरज नाही. दुकानदार पाकीट उघडू देत नसेल तर सरळ बाहेर पडा.

आमचे एक काका जुनी येझदी मोटारसायकल चालवतात. ती तर आपल्याच राज्यात म्हैसूरला बनायची आणि तीही १९९६ लाच थांबली. त्यांनाही असाच "जुना ओरिजिनल" माल विकायला लोक टपलेले असतात. काकांना मी सांगितलंय, लोखंडाचा भाग जुना मिळाला तर खुशाल घ्या, रबराचा घेऊ नका.

तरीही दोन्ही वेळा सगळा दोष सीलाचा नव्हता, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. कारखान्यात आमचा सुपरवायझर नळी हातात घेऊन म्हणाला, "सील बदलून काय उपेग न्हाई, आदी रॉड बघ की." सिलेंडरच्या बाबतीत हे वाक्य मी स्वतः नव्या पोरांना सांगतो. मग कापसाचा बोळा घेतला आणि नळीवरून हळू फिरवला. डाव्या नळीच्या पुढच्या अंगाला, बरोबर जिथं सील वरखाली पळतं तिथं, कापसाचे तंतू अडकले. बोटाला काही लागत नव्हतं. नखाला मात्र लागलं, कट्ट. दोन खड्डे, मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, कडा धारदार, भोवती क्रोमखाली गंजाची तांबूस छाया. रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला त्या कडेचा दात लिपला थोडा थोडा कापत होता. अशा नळीवर जगातलं कुठलंही सील घाला, ते फाटणारच.

नळीवरचा खड्डा लहान असेल तर कडा वॉटर पेपरनं मारून, आत इपॉक्सी भरून, परत १५०० आणि २००० च्या पेपरनं सपाट करता येतो. मी तसं केलं नाही, कारण क्रोम भोवती उचललेलं होतं. नळ्या व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून वाकडेपणा मोजायचा डायल लावून फिरवल्या. सुई मिलीमीटरच्या पाच-सहा शतांशाच्या पुढं गेली नाही, म्हणजे नळ्या सरळ होत्या. वाकलेली नळी असती तर क्रोमवर पैसे घालण्यात अर्थ नव्हता, कारण मग सील एका बाजूनं झिजतं. उद्यमबागेत हायड्रॉलिक रॉडला हार्ड क्रोम करून देणारे आहेत, त्यांच्याकडं दोन्ही नळ्या दिल्या. जुना क्रोम उतरवून, ग्राइंड करून, नवा चढवून, परत मापाला ग्राइंड. दोन्हींचे १,८०० रुपये आणि आठ दिवस. बेळगावच्या माणसाला ही सोय घरापाशी आहे आणि गाडीवाले तिकडं जातच नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं. बाहेर ग्राहकाला नवी नकली नळी घ्यायला लावतात. नळ्या देताना माप लिहून द्या. माझ्या नळीचा न झिजलेला वरचा भाग व्हर्नियरवर ३० मिलीमीटर भरला, तेवढंच माप मी मागितलं.

मग सील. कोल्हापूरला माझा मावसभाऊ उद्यमनगरात कामाला आहे. त्याला जुन्या सीलावरचे तिन्ही आकडे आणि फोटो पाठवले. त्यानं एनओके या जपानी कंपनीची जोडी आणली, २६० रुपयांना. नावावर मी विसंबलो नाही, कारण एनओकेच्या नावाची नक्कलही बाजारात फिरते. भिंगाखाली लिपची कड बघितली. कड एका रेषेत, कुठं रबराचा फाटका पापुद्रा नाही. आतली बारीक स्प्रिंग सगळीकडून खाचेत बसलेली. अक्षरं खोल आणि स्वच्छ. नखाची परीक्षा पास. दोन्ही सीलं एकाच खेपेतली होती हेही मला आवडलं. एकाच बाजूला तेल येत असलं तरी जोडीनंच बदलावीत, उघडायचे कष्ट तेच असतात.

बसवताना मी घाई केली नाही. नळीच्या टोकाला धार असते, त्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला, लिपला शॉकपचंच तेल लावलं आणि सील हातानं सरकवलं. आकडे असलेली बाजू वर, स्प्रिंगची बाजू खाली, तेलाकडं. उलटं बसवलेलं सीलही मी एका गाडीत बघितलंय. बॉटममध्ये ठोकायला हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर वापरू नका. त्यानं सील तिरकं बसतं आणि वरची कड फुटते. मी जुनं सील वर ठेवून बरोबर त्याच मापाच्या पीव्हीसी पाईपनं चारी बाजूंनी हळू हळू ठोकलं, सील धरून ठेवणाऱ्या सर्क्लिपची, म्हणजे तारेच्या कड्याची, खाच पूर्ण गोल दिसेपर्यंत. खाच एका बाजूला अर्धी झाकलेली दिसली तर सील अजून तिरकं आहे असं समजा. खालच्या ॲलन बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा घातला. जुना दबलेला वॉशर तसाच ठेवला की खालून थेंब पडतो आणि लोक नव्या सीलाला शिव्या देतात. वरची नळी कोरडी आणि थेंब तळाला, असं दिसलं तर आधी तो वॉशर बघा.

तेल दोन्हीकडं सारखं पाहिजे, मिलीलिटरला मिलीलिटर. मुलीच्या खोकल्याच्या औषधाबरोबर आलेली मोजायची सिरिंज मी त्यासाठी वापरली. शॉकपात इंजिन ऑइल ओतायची इथं सवय आहे, मी फोर्क ऑइलच घातलं. आणि जास्त तेल म्हणजे जास्त चांगला शॉकप, हेही खरं नाही. आत हवेला जागा उरली नाही तर दाब वाढतो आणि तो दाब सीलावरच येतो.

पहिल्या आठवड्यात नळीवर तेलाचा अगदी बारीक ओलसर पट्टा दिसला. बाबा घाबरले. पुसून टाकला, परत आला नाही. नवी लिप जागा धरताना एवढं होतं. त्यानंतर गाडी दोन पावसाळे यळ्ळूर-वडगाव रस्त्यावर आणि शेताच्या बांधावर चालली आहे, एकदा बाबा आणि मी खानापूरपर्यंत जाऊन आलो. ब्रेक दाबल्यावर पुढचं टोक आता दबतं आणि सावकाश परत येतं, धपकन बसत नाही. ब्रेकची प्लेट कोरडी आहे. बाबांना मी एकच पथ्य सांगितलंय, वाळलेला चिखल फडक्यानं ओरबाडायचा नाही, आधी पाणी ओतायचं. ते बादली घेऊन बसतात आणि मन लावून करतात.

ज्यांच्या गाडीला आत्ताच तेल दिसायला लागलंय त्यांनी लगेच शॉकप खोलू नये. जुन्या एक्स-रे फिल्मचा बोटभर तुकडा कापा, कडा गुळगुळीत करा, डस्ट कव्हर वर सरकवून तो लिप आणि नळीच्या मधे घालून एकदा गोल फिरवा. लिपखाली अडकलेला कण निघाला तर तेल थांबतं. आमच्या शेजारच्या स्प्लेंडरचं असंच थांबलं, एक रुपया खर्च न होता. तेल परत आलं तर मग नळीवर कापूस फिरवा.

सीलाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार डस्ट कव्हरची आहे. क्रोमनंतर जे नवं कव्हर मिळालं ते डावीकडं थोडं सैल बसतं आणि पावसात त्याच्या आत पाण्याची रेघ जाते. सध्या दर रविवारी ते वर सरकवून आतला भाग पुसतो आणि हाताला लागेल एवढं रबर ग्रीस लावतो. मावसभावाला पुढच्या खेपेला नळीवर चढवायची घडीची रबरी आवरणं, ज्यांना बूट म्हणतात, आणायला सांगितलीत, माप ३० चंच.