वक्तृत्व: प्लेटोचं आणि अ‍ॅरिस्टॉटलचं
प्लेटोच्या संवादात वक्तृत्वाचा शिक्षक गॉर्जियास बढाई मारतो: माझा भाऊ वैद्य, पण औषध घ्यायला नकार देणाऱ्या रोग्याला मी नुसत्या बोलण्यानं पटवतो. सॉक्रेटिस त्याला गप्प करतो. वक्तृत्व ही कलाच नव्हे, खुशामत आहे. वैद्यकापुढे जसा स्वयंपाक, तसं न्यायापुढे वक्तृत्व. जिभेला गोड, अंगी लागेलच असं नाही. प्लेटोचा राग समजतो, इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेनं त्याच्या गुरूलाच, या सॉक्रेटिसलाच, मृत्युदंड दिला होता.

प्लेटोचाच शिष्य अ‍ॅरिस्टॉटल मात्र थंड डोक्याचा. समोरच्या प्रसंगात पटवण्याचे कोणते मार्ग हाताशी आहेत ते हेरणं, हे त्याच्या लेखी वक्तृत्व: वक्त्याचं चारित्र्य, श्रोत्यांच्या भावना, युक्तिवाद. गैरवापर होतो? तो तर बळाचा आणि पैशाचाही होतो, म्हणतो. मला हाच जास्त पटतो. टोमणा मात्र स्वयंपाकाचाच लक्षात राहतो.