खोक्यावरचे शिक्के: ‘ट्रिपल-ए’पासून ‘गेम ऑफ द इयर’पर्यंतच्या बिरुदांचे परीक्षण

काही महिन्यांपूर्वी मी एका व्हिडिओ गेमची ‘गेम ऑफ द इयर’ आवृत्ती विकत घेतली. खोक्याच्या वरच्या कडेला सोनेरी पट्टी होती, तिच्यावर विजयमाळेच्या दोन डहाळ्या आणि त्यांच्या मधोमध हा किताब. तो कोणी दिला हे पाहायला खोके उलटे केले, तेव्हा बारकोडच्या शेजारी, डोळे ताणून वाचावे लागेल अशा अक्षरांत, एका नियतकालिकाचे नाव आणि एका विशिष्ट प्रकारच्या गेमचा उल्लेख सापडला. म्हणजे किताब वर्षभरातल्या सगळ्या गेममधून मिळालेला नव्हता, एका लहानशा वर्गवारीतला होता. आतल्या तबकडीवर फक्त मूळ गेम होता. ज्या जोडभागांसाठी मी ही आवृत्ती घेतली, ते एका चिठ्ठीवर छापलेल्या कोडच्या रूपात होते आणि त्या कोडची मुदत खोके माझ्या हाती येण्याआधीच उलटून गेली होती. गेम मला आवडला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या सोनेरी पट्टीवर मी विश्वास ठेवला होता, आणि तिने प्रत्यक्षात कशाचीच हमी दिलेली नव्हती. म्हणून येथे गेमऐवजी अशा बिरुदांचेच परीक्षण करीत आहे.

सुरुवात ‘ट्रिपल-ए’पासून करायला हवी, कारण सर्वाधिक गैरसमज याच शब्दाभोवती आहेत. हा शब्द १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गेम उद्योगात रुळला आणि तो रोख्यांच्या पतमानांकनातून, जिथे ‘एएए’ ही सर्वांत वरची श्रेणी असते, आला असे मानले जाते. साम्य मात्र अक्षरांपुरतेच आहे. रोख्यांना मानांकन देणारी संस्था रोखे काढणाऱ्यापेक्षा वेगळी असते आणि तिच्या श्रेणींचे निकष लिहिलेले असतात. गेमच्या बाबतीत अशी कोणतीही संस्था नाही, निकष नाहीत आणि श्रेणी काढून घेण्याची सोयही नाही. प्रकाशक स्वतःच स्वतःच्या गेमला ट्रिपल-ए म्हणतो. या शब्दातून खरोखर कळते ते एवढेच, की निर्मितीवर आणि जाहिरातीवर फार मोठा पैसा लागला आहे. किती मोठा, याची कल्पना ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाच्या २०२३ च्या अहवालावरून येते. २०२४-२५ मध्ये येणाऱ्या ट्रिपल-ए गेमसाठी प्रकाशक २० कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक निर्मितिखर्च मंजूर करीत असल्याची नोंद त्यात आहे. इतका पैसा गुंतल्यावर चित्रे देखणी होतात, आवाज देणारे कलाकार नामांकित असतात, पात्रांच्या हालचाली सफाईदार होतात, हे मी नाकारत नाही. मात्र त्याच पैशामुळे प्रकाशक धोका पत्करायला कचरतो आणि तारीख गाठण्यासाठी अर्धवट गेमही बाजारात येतो. माझ्या मते हा मुळात गुंतवणूकदारांशी बोलण्याचा शब्द आहे. तो ग्राहकापर्यंत झिरपला आणि वाटेत ‘खर्च’ या अर्थाचा ‘दर्जा’ झाला.

याचा स्पष्ट पुरावा फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाला. युबिसॉफ्टचा ‘स्कल अँड बोन्स’ हा चाचेगिरीचा गेम २०१७ मध्ये जाहीर होऊन वारंवार पुढे ढकलला गेला होता. तो अखेर बाजारात येत असताना, ७० डॉलर ही किंमत रास्त आहे का, असा प्रश्न गुंतवणूकदारांबरोबरच्या बैठकीत आला. तेव्हा कंपनीचे प्रमुख इव गिलमो यांनी हा ‘क्वाड्रपल-ए’ गेम असल्याचे उत्तर दिले. समीक्षकांच्या गुणांची सरासरी शंभरपैकी साठच्या आसपास राहिली. ज्या मापाला वरची मर्यादाच नाही, त्यात आणखी एक अक्षर जोडायला कोणाची परवानगी लागत नाही, हे त्या उत्तराने दाखवून दिले.

या उलट, निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या सोनेरी शिक्क्यामागे निदान एक यंत्रणा होती, म्हणून त्याचा इतिहास तपशिलात पाहण्यासारखा आहे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला. अटारी या कंपनीच्या, टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी कोणीही, कसाही गेम काढून विकत होते, दुकानांत न खपलेल्या मालाचे ढीग साचले होते आणि अटारीने आपली काडतुसे, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डब्या, न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरली, ज्यांतली काही २०१४ मध्ये उकरून बाहेर काढण्यात आली. अशा वातावरणात १९८५ मध्ये निन्टेन्डोने आपले यंत्र अमेरिकेत आणले. त्या यंत्रात एक कुलूप-चिप बसवलेली होती, त्यामुळे परवाना नसलेले काडतूस एरवी चालत नसे. परवानाधारक प्रकाशकाला वर्षाला पाचच गेम काढता येत आणि पसंत झालेल्या गेमवर गोल शिक्का बसे. दुकानदाराच्या आणि पालकांच्या मनातली भीती दूर करण्यात या शिक्क्याचा वाटा मोठा होता, हे श्रेय मी त्याला मनापासून देतो.

पण तो कशाची हमी देत होता? काडतूस यंत्रात नीट चालेल, मजकूर कंपनीच्या नियमांत बसतो आणि परवान्याचे पैसे भरले आहेत, एवढीच हमी त्यातून खात्रीने मिळे. शिक्का असूनही रटाळ, अन्यायकारक रीतीने अवघड गेम त्या काळात भरपूर निघाले. दुसरीकडे, टेन्जेन या कंपनीने १९८९ मध्ये कुलूप-चिपला बगल देऊन शिक्क्याविना काढलेल्या ‘टेट्रिस’मध्ये दोघांना एकाच वेळी समोरासमोर खेळता येत असे, जी सोय निन्टेन्डोच्या त्याच यंत्रावरील स्वतःच्या ‘टेट्रिस’मध्ये नव्हती. टेन्जेनचा गेम हक्कांच्या वादात न्यायालयाच्या आदेशाने बाजारातून गेला, आणि तो आदेश कायद्याला धरून होता. तरीही खेळाचा विचार केला तर त्या दोन काडतुसांपैकी शिक्का नसलेले काडतूस मला अधिक चांगले वाटते. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतील शिक्क्यावरून ‘क्वालिटी’ हा शब्दच वगळला गेला आणि ‘ऑफिशियल निन्टेन्डो सील’ एवढेच राहिले. हा बदल मला प्रामाणिकपणाचा वाटतो.

‘प्लेअर्स चॉइस’ किंवा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ यांसारख्या पट्ट्या खपाच्या आकड्यावर मिळत आणि सोबत किंमत उतरत असे. त्या काय सांगतात हे सरळ असल्याने फसगतीला फारसा वाव नाही. ‘इंडी’ या शब्दाचे तसे नाही. मूळ अर्थ आहे प्रकाशकाच्या पैशावर अवलंबून नसलेला निर्माता. आता मात्र ठोकळेदार चित्रे आणि लहान चमू दिसला, की तो शब्द चिकटवला जातो. २०२३ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये ‘डेव्ह द डायव्हर’ला स्वतंत्र गेमच्या विभागात नामांकन मिळाले, तेव्हा तो नेक्सॉन या बलाढ्य कंपनीच्याच एका शाखेने बनवलेला असल्याने बराच वाद झाला. गेम उत्तमच आहे. पण एकट्या एरिक बॅरोन यांनी घडवलेल्या ‘स्टारड्यू व्हॅली’ला आणि या गेमला एकच शब्द लावला, तर तो शब्द ग्राहकाला निर्मितीची परिस्थिती सांगत नाही, केवळ शैली सांगतो.

‘डेफिनिटिव्ह’, म्हणजे अंतिम व सर्वोत्कृष्ट, हे बिरुद मला सर्वांत बेजबाबदार वाटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या तीन जुन्या भागांची या नावाची आवृत्ती आली. तिच्यात चेहरे बेढब झाले होते, पावसाच्या सरींनी पडदा झाकला जाई, आणि अखेर प्रकाशक रॉकस्टारला माफी मागून मूळ आवृत्त्या पुन्हा विक्रीस ठेवण्याचे आश्वासन द्यावे लागले.

गुणांच्या आकड्यांकडे मी अधिक आदराने पाहतो, पण तेही काळजीपूर्वक वाचावे लागतात. ‘सायबरपंक २०७७’ची डिसेंबर २०२० मधली पहिली परीक्षणे संगणकावरील आवृत्तीची होती आणि चांगली होती, जुन्या प्लेस्टेशनवर मात्र तोच गेम इतका मोडकळीस आलेला होता, की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत देऊ केले. नंतर तो खूप सुधारला. म्हणून गुण कोणत्या यंत्रावरचे आणि कोणत्या तारखेचे, हे पाहिल्याशिवाय आकडा वाचू नये. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरचे ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ हे शब्दही नीट समजून घ्यायला हवेत. त्यांचा अर्थ शंभरात ऐंशीहून अधिक गुण असा नाही. शिफारस करणाऱ्यांचे प्रमाण किमान ऐंशी टक्के आहे, असा आहे. बेताचाच पण कोणालाही न खटकणारा गेम तिथे पोहोचतो, आणि धाडसी पण मतभेद निर्माण करणारा गेम मागे राहतो.

या सगळ्यांत मी सर्वाधिक गुण ‘अर्ली अॅक्सेस’ला देईन, कारण ते स्वतःच्या उणिवेची कबुली देणारे एकमेव बिरुद आहे. गेम अपूर्ण आहे हे ते पहिल्याच ओळीत सांगते, आणि स्टीमच्या पानावर निर्मात्याला तो किती काळ अपूर्ण राहील आणि पूर्ण आवृत्तीत काय वेगळे असेल, याची उत्तरे लिहावी लागतात. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये कथेचा केवळ पहिला अंक घेऊन असाच विक्रीस आला, ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरला. ‘डेझी’ला पूर्ण होण्यास डिसेंबर २०१३ ते डिसेंबर २०१८ अशी पाच वर्षे लागली, हेही विसरता येत नाही, पण तिथे निदान ग्राहकाला आपण कशाचे पैसे देत आहोत हे ठाऊक होते.

आता मी खरेदी करताना सोनेरी पट्टी बाजूला ठेवतो. नकारात्मक परीक्षणांपैकी वीस तासांहून अधिक खेळलेल्यांची परीक्षणे आधी वाचतो, मग गेल्या तीस दिवसांतला कौल एकूण कौलापेक्षा किती वेगळा आहे ते पाहतो. शक्य असेल तिथे चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करता येईल अशाच ठिकाणी घेतो, आणि ते दोन तास पहिल्याच दिवशी, घड्याळ समोर ठेवून खेळतो.