हॅशरेट वाढवून देतो म्हणाला आणि १८० यूएसडीटी घेऊन गेला

लाज वाटतेय पण लिहितोच. माझ्या बिटकॉइन मायनिंगच्या मशीनचा, अँटमायनर एस९ चा, हॅशरेट (गणितं करायचा वेग) एका रात्रीत १३.५ वरून ९ टेराहॅशवर आला. आतल्या तीनपैकी एक हॅशबोर्ड (चिप बसवलेला बोर्ड) गेला की बरोबर तेवढाच उतरतो. मशीनच्या स्टेटस पेजवर चेन (म्हणजे एकेक बोर्ड) ६, ७, ८ दिसायला पाहिजेत, प्रत्येकीत ६३ चिप, माझी ७ नंबरची गायबच होती. मायनिंगच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला आणि दहा मिनिटांत एकाचा पर्सनल मेसेज आला. सगळ्यांसमोर उत्तर न देता जो थेट इनबॉक्समध्ये घुसतो त्याला तिथल्या तिथे ब्लॉक करा.

त्याने तापमान विचारलं, एचडब्ल्यू (हार्डवेअर) एरर विचारले, पॉवर सप्लाय कुठला ते विचारलं, म्हणजे काम माहीत असलेला माणूस वाटणार नाही तर काय. म्हणे बोर्ड मेलेला नाही, माझ्या फर्मवेअरने (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरने) उठवतो. आधी ६० यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं), मग लायसन्स की म्हणून १२०. फाईल मीच माझ्या हाताने मशीनमध्ये फ्लॅश केली.

डॅशबोर्डवर १३.६ आला. खूश झालो. आणि इथेच, इथेच कळायला हवं होतं! प्लगला वॅटमीटर लावलेला आहे, तीन बोर्ड चालताना तो १३०० च्या आसपास दाखवायचा आणि त्या दिवशी ९०० च्या घरात होता. तिसरा बोर्ड चालू झाला तर वीज वाढायला नको? मी विचारलंही, तर म्हणाला ऑप्टिमायझेशन आहे, वीज वाचते. ट्यूनिंगने वीज थोडी कमी होते हे खरंच आहे हो, म्हणून पटलं, पण एवढी? आकडा नुसता स्क्रीनवर रंगवलेला होता.

पूलवर (बरेच मायनर मिळून काम करून कमाई वाटून घेतात तिथे) २४ तासांची सरासरी ७ टेराहॅश दिसत होती. पूल शेअरवरून (मशीनने पाठवलेल्या कामाच्या पुराव्यांवरून) अंदाज काढतो, तो तासातासाला खालीवर होतो, त्यामुळे मी थांबलो, २३ दिवस थांबलो. शेवटी राउटरमध्ये बघितलं तर मशीन माझ्या पूलशिवाय आणखी एका अनोळखी पत्त्याशी बोलत होतं. चालू असलेल्या दोन बोर्डांतलंसुद्धा तो खात होता! एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मशीनमध्ये शिरायची वाट) बंद, पासवर्ड बदललेला, एसडी कार्डवरून मूळ फर्मवेअर टाकावं लागलं. फर्मवेअर फक्त बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या, चॅटमध्ये आलेली फाईल नकोच.

आणि बोर्ड? रिबन केबल सैल झाली होती. काढून परत बसवली, चेन ७ आली. शून्य खर्च.

तक्रारीचं तर विचारूच नका. क्रिप्टो एक्स्चेंजच्या सपोर्टचं चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर, व्यवहार परत फिरवता येत नाही. अरे ते मलाही माहितीये, त्याच्या वॉलेटचा पत्ता संशयित म्हणून फ्लॅग तरी करा! पूलवाल्यांनी तर मेलच वाचला नाही. पोलिसांकडे गेलो तर समोरच्याचा बँक खाते नंबर आणा म्हणाले, बँक खातंच नाही हे तीनदा सांगितलं, वॉलेटचा पत्ता लिहून दिला, तर असल्या धंद्यात पडताच कशाला हे वर ऐकवलं. पोलिसांनी मागणी केली तर यूएसडीटी जारी करणारी कंपनी पत्ता गोठवू शकते, हे मी प्रिंट काढून नेलं, तो कागद फाईलला लावला की फेकला देव जाणे. मी चोर असल्यासारखी उलटतपासणी माझीच झाली.

त्याच्या वॉलेटचा पत्ता मी रोज एक्सप्लोररवर (सगळे व्यवहार उघड दाखवणाऱ्या साइटवर) बघतो. काल परत ६० आले आणि दोन तासांनी १२०. ते पाठवणारे तुम्हीच असाल तर मशीनची वायर आत्ता काढा.