पुण्यात रीसेल फ्लॅट विकून देणारे एजंट: कोणत्या महिन्यांत पैसे वसूल, कोणत्या महिन्यांत नाही

आई-वडिलांचा जुना किंवा स्वतःचा राहता फ्लॅट विकायला काढला की पुण्यात बहुतेक जण आधी एजंट गाठतात. विकणाऱ्याकडून एक ते दोन टक्के आणि घेणाऱ्याकडूनही तेवढेच, असा रिवाज आहे. 80 लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के म्हणजे 1 लाख 60 हजार. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर वर 18 टक्के, म्हणजे आणखी 28,800 रुपये. एवढ्या पैशांत नेमकं काय मिळतं, हे एजंट कोण आहे यापेक्षा महिना कोणता आहे यावर जास्त ठरतं. दसऱ्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ही सेवा पैसे वसूल करून देते. मे उलटला की तोच एजंट त्याच कमिशनमध्ये निम्मंही काम करू शकत नाही, कारण गिऱ्हाईकच नसतं.

यामागचं गणित शाळेचं आहे. दोन-तीन बेडरूमचा रीसेल फ्लॅट घेणारं कुटुंब बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलांचं असतं. जूनच्या मध्याला शाळा उघडते, म्हणून ताबा मेमध्ये हवा असतो. आता तिथून उलटं मोजा. विसारानंतर, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन सौदा ठरल्यावर, बँक घेणाऱ्याचं कर्ज मंजूर करते, वकिलाकडून मालकीच्या नोंदी तपासलेला सर्च रिपोर्ट घेते, किंमत ठरवायला व्हॅल्युअर पाठवते. यात तीन ते पाच आठवडे सहज जातात. सोसायटीला 15 दिवस आधी लेखी कळवायचं असतं. तुमचंच कर्ज बाकी असेल तर ते फिटल्यावर मूळ कागद परत द्यायला बँकेला 30 दिवसांची मुदत आहे. डिसेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. म्हणजे विसारापासून पूर्ण पैसे हातात पडेपर्यंत अडीच-तीन महिने धरावेत. विसार फेब्रुवारीत व्हायला हवा, त्याआधी दाखवण्यात सहा-आठ आठवडे जातात, म्हणून फ्लॅट बाजारात यायचा तो दिवाळी आटोपल्याबरोबर. दिवाळीच्या आठवड्यात कोणी फिरकत नाही आणि पितृपक्षात विसार द्यायला बरेच जण तयार नसतात. अधिक महिन्याचंही तेच. 2026 मध्ये तो 17 मे ते 15 जून, ऐन ताब्याच्या हंगामात आला.

हे गणित एजंटांना तोंडपाठ असतं, तरी फोन केल्याच्या दिवशीच फ्लॅट पोर्टलवर चढवण्याची घाई बहुतेकांना असते. इथेच नुकसान होतं. जुलैत टाकलेली जाहिरात डिसेंबरपर्यंत तेच फोटो घेऊन पडून राहिली, की घेणारा समजतो, काहीतरी गोम आहे, आणि भाव पाडून मागतो. म्हणून एकाच एजंटला काम द्यायचं असेल तर करार 60 किंवा 90 दिवसांचाच करा आणि तो नोव्हेंबरपासून सुरू करा. फोटो ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात काढून ठेवा.

पावसाळ्यात फ्लॅट दाखवू नये याचं दुसरं कारण भिंतींवर दिसतं. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीला, खिडकीच्या सिलखाली आणि बाथरूमच्या पलीकडच्या बाजूला ओल उतरते. पुट्टी फुगते, रंगाचे पापुद्रे सुटतात, खाली पांढरा लोणा दिसतो. काही एजंट सांगतात, ‘एक हात मारून घ्या, झाकून जाईल.’ हा सल्ला मानू नका. ओल्या भिंतीवर मारलेला रंग काही आठवड्यांतच फुगतो, आणि खोलीतली एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली की जाणकार माणूस पहिला हात तिथेच लावतो. गच्ची, डक्टमधले पाइप, खिडकीभोवतीच्या फटी ही कामं एप्रिल-मेमध्ये करावीत. पहिल्या दोन जोरदार पावसांत ती टिकली का ते पाहावं आणि भिंत पूर्ण वाळल्यावर, ऑक्टोबरमध्ये, रंग द्यावा.

पावसाळ्याचे चार महिने कागदांसाठी आहेत, आणि चांगला एजंट इथेच ओळखू येतो. पहिल्या भेटीत जो भाव सांगतो तो साधा. जो आधी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि आधीच्या सगळ्या करारांची साखळी मागतो, तो कमिशनच्या लायकीचा. राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाने, म्हणजे महारेराने, 2023 मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारून तोही तपासून घ्या. वडिलांच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये सर्वांत जास्त वेळ वारसांच्या सह्यांत जातो. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी आली, असं होत नाही. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. वडिलोपार्जित मिळकतीत भावंडांमधल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपयेच आहे. वेळ जातो तो सगळ्यांना एका दिवशी दुय्यम निबंधकासमोर आणण्यात. हे विसारानंतर सुरू केलं तर घेणाऱ्याच्या कर्जमंजुरीची मुदत टळते आणि व्यवहार मोडतो. सोसायटीचं हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000 रुपये आहे. देणगीच्या नावाखाली जास्त मागितलं तर भरू नका.

भावाच्या बाबतीत एजंटच्या शब्दावर विसंबू नका. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून आपल्याच सोसायटीतल्या आणि शेजारच्या फ्लॅटचे इंडेक्स टू बघता येतात. त्यात रक्कम, क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख असते. पोर्टलवर दिसतो तो मागितलेला भाव, इथे दिसतो तो दस्तात लिहिलेला.

मार्च हा सगळ्यांत अवघड महिना. मुद्रांक शुल्क कराराची रक्कम आणि रेडी रेकनरचं (सरकारने ठरवलेल्या दरांचं) मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं. पुणे महापालिका हद्दीत ते 7 टक्के, महिलांना 6, शिवाय नोंदणी शुल्क 1 टक्का, कमाल 30,000. नवे रेकनर दर 1 एप्रिलला येतात, म्हणून घेणाऱ्याला 31 मार्चच्या आत उरकायचं असतं आणि शेवटच्या आठवड्यात निबंधक कार्यालयांत गर्दी उसळते. ‘एप्रिलमध्ये दर वाढणारच’ हे एजंटचं ठरलेलं वाक्य. पण 2023 आणि 2024 मध्ये दर होते तसेच राहिले, 2025 मध्ये वाढले. शिवाय 31 मार्चपूर्वी शुल्क भरून सह्या झालेला दस्त पुढे चार महिन्यांत नोंदवता येतो, तेव्हा रांगेत चेंगरण्याची गरज नाही.

विकणाऱ्याचं हित मात्र बऱ्याचदा एप्रिलमध्ये असतं, आणि हे एजंट सहसा सांगत नाहीत. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. भारतात निवासी असलेल्या विकणाऱ्याने 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा हिशेब कमी भरत असेल तर तेवढाच कर. हा कर वाचवायला नफ्यातून दुसरं घर घ्यायचं तर विक्रीपासून दोन वर्षं मिळतात, पण विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेतल्या खास कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते. विक्री 25 मार्चला झाली तर ही मुदत चारच महिन्यांवर येते. 5 एप्रिलला झाली तर पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत हात मोकळा राहतो. घेणाऱ्याला मार्च हवा, तुम्हाला एप्रिल. हा तिढा विसार घेतानाच सोडवा. खरेदीखताची आणि ताब्याची तारीख विसारपावतीत लिहा, सीएला दाखवा आणि मगच टोकन घ्या.

परदेशात राहणाऱ्या मुलांच्या नावावर फ्लॅट असेल तर डिसेंबरची सुट्टी गाठण्याचा बेत आधीच आखायला हवा. निवासी विकणाऱ्याकडून 50 लाख आणि त्यावरच्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस कापतात. अनिवासी विकणाऱ्याला हा दर लागू नाही, त्याची कपात कितीतरी मोठी असते. ती कमी करण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून पैसे स्वीकारण्याआधी घ्यावं लागतं, म्हणून अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच करा. कुलमुखत्यारपत्र तिकडून येणार असेल तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यायला विसरू नका.