एनजीके इरिडियम आयएक्स: जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

ज्या पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये एनजीके कंपनीचा बीकेआर६ई-११ हा साधा निकेल स्पार्क प्लग दिलेला असतो, त्यांना दुकानदार हमखास बीकेआर६ईआयएक्स-११, म्हणजे इरिडियम आयएक्स, सुचवतो. बसायला दोन्ही सारखेच: १४ मिमीचे आटे, १६ मिमीचा पाना, १९ मिमी लांबी, १.१ मिमी गॅप (ठिणगी उडते ती दोन इलेक्ट्रोडमधली फट). किमतीत मात्र मोठा फरक.

फरक टोकात आहे. निकेल प्लगचा मधला इलेक्ट्रोड २.५ मिमी जाड, इरिडियमचा फक्त ०.६ मिमी. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि नुकत्याच पेटलेल्या ज्योतीची उष्णता धातू कमी शोषतो. त्यामुळे थंडीत पहाटे गाडी पटकन सुरू होते, आयडलिंग एकसारखं राहतं. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सीएनजीवर हा फायदा चांगला जाणवतो. गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि सीएनजीवर चढाला आचके देते, तेव्हा आधी प्लग काढून पाहावेत. मायलेजसाठी मात्र हे प्लग घेऊ नयेत. जुने झिजलेले काढून नवे निकेल घातले तरी जवळपास तेवढाच फरक पडतो.

आता आयुष्याचं. ‘इरिडियम म्हणजे एक लाख किलोमीटर’ हे आयएक्सला लागू नाही. याचं फक्त मधलं टोक इरिडियमचं. समोरचा वाकडा इलेक्ट्रोड निकेलचाच. एनजीकेच्याच लेझर इरिडियम या वरच्या प्लगला तिथे प्लॅटिनमचा तुकडा असतो, म्हणून तो खरा टिकतो. त्यातून एकच कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज पुरवणारा भाग) दोन सिलिंडरना ठिणगी देणारी असेल, तर निम्म्या प्लगमध्ये प्रवाह उलटा वाहतो आणि निकेलची बाजू आधी झिजते. अशा इंजिनात आयएक्सवर पैसे घालू नयेत. निकेलच वेळेवर बदलावेत. कंपनीने मुळात लेझर इरिडियम दिला असेल, तर स्वस्तात पडतो म्हणून आयएक्स बसवणंही चूकच.

आकड्यांत गफलत नको. एनजीकेच्या नावात ६ च्या जागी ७ म्हणजे जास्त थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा प्लग. शहरातल्या संथ ट्रॅफिकमध्ये तो काजळी धरतो. बॉश कंपनीच्या प्लगचा क्रम उलटा आहे. डेन्सोचा २० म्हणजे एनजीकेचा ६.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवं, गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे सोलून येतात. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात हवा मारून धूळ उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. खड्ड्यात तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा तिथलं सील गेलंय. ते न बदलता नवे प्लग घातले की कॉइलचं रबर फुगतं आणि गाडी मिसिंग मारते. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात धरून हाताने फिरवावा. आटे तिरके लागले तर नळी घसरते, हेड वाचतं. वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा; टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस लावू नये. त्याने आटे घसरतात, प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि कधी मोडतोही.

गॅप तारेच्या गेजने फक्त पाहायचा. नाण्यासारखं गोल गेज आत सरकवलं की इरिडियमचं टोक तुटतं. तारेच्या ब्रशने घासणंही नको. हातातून पडलेला प्लग वापरू नये. चिनी मातीला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही.

खोटा माल बाजारात भरपूर आहे. खऱ्या प्लगचा वॉशर आट्यांवरून सहज निघत नाही, छपाई स्वच्छ असते आणि बारीक टोक बरोबर मध्यावर बसलेलं असतं.

काढलेल्या प्लगवर कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर आणि इंधनाचं मिश्रण पाहावं, ओलं काळं तेल असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढऱ्या चिनी मातीवर पाना बसतो त्या षटकोनाच्या लगेच वर तपकिरी कडं दिसतं, त्याला अनेक गॅरेजवाले ‘प्लग लीक झालाय’ म्हणतात. ते उच्च व्होल्टेजमुळे हवेतल्या तेलाचे कण चिकटून पडलेले डाग असतात. एवढ्यावरून चांगला प्लग फेकू नये.