मॉस्कोची मराठी पुस्तकं, चाळीस वर्षं वापरून झाल्यावर

चवथीआधी फोंड्याचं जुनं घर आवरायला काढलं तेव्हा बाबांच्या कपाटातली रशियन पुस्तकं सगळी बाहेर आली, म्हटलं आता यांच्यावर एकदा नीट लिहायचंच. रशियन म्हणजे प्रगती, रादुगा आणि मीर, तिन्ही मॉस्कोची सरकारी प्रकाशनं. प्रगतीचं मूळ १९३१ चं पण हे नाव १९६३ पासूनचं, रादुगा त्यातनंच १९८२ मध्ये वेगळी निघाली, तिच्याकडे कथा-कादंबऱ्या नि पोरांची पुस्तकं, आणि मीर म्हणजे सायन्स.

बांधणीला पैकीच्या पैकी. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर ओला होतो, बाकीच्या पुस्तकांचा डिंक सुटून पानं हातात येतात, पण ही जाड पुठ्ठ्याची, आत दोऱ्यानं शिवलेली, अजून उघडून टेबलावर ठेवली तर सपाट राहतात. पोरांची पातळ पुस्तकं मात्र पिनांची, त्या गंजल्या आणि मधल्या पानावर दोन तपकिरी डाग उमटलेत. चित्रांचे रंग जसेच्या तसे आहेत.

भाषांतराबद्दल माझी जुनी तक्रार आहे. एका गोष्टीत म्हातारा रात्री चुलीवर चढून झोपतो. मी सात वर्षांची असेन, आमची चूल म्हणजे तीन दगड नि वर भाताचं मडकं, त्यावर माणूस झोपेल कसा, भाजणार नाही का, आजीला विचारलं तर ती म्हणाली रशियात थंडी असते गो. कितीतरी वर्षांनी कळलं की तिकडची चूल खोलीएवढी विटांची असते नि वरती झोपायला ऊबदार ओटाच असतो! एक तळटीप दिली असती तर काय बिघडलं असतं? बाकी मराठी बरीच घरगुती आहे, मॉस्कोत राहून आपली माणसं हे काम करायची, त्यांचे कष्ट पानोपानी दिसतात.

किंमत आता सांगितली तर खोटी वाटेल. बाबांनी पणजीच्या प्रदर्शनातनं पोरांची पुस्तकं दोन-दोन रुपयांना आणली होती. एवढं स्वस्त परवडायचं कारण पैसा सरकारचा, आणि सरकार म्हणजे पक्ष, म्हणून त्याच गाडीत लेनिनचे ग्रंथ पण यायचे, इंग्रजीत सगळे ४५ खंड. बाबांनी दोन घेतले, एकही पूर्ण वाचला नाही. कपाटात दुसऱ्या महायुद्धाचा पण एक जाडजूड इतिहास आहे, त्यात १९३९ च्या जर्मनीबरोबरच्या गुप्त कराराचा शब्द नाही, पोलंड वाटून घेतल्याचा तो करार मॉस्कोनं कबूल केला थेट १९८९ मध्ये. बाबांनी तो इतिहास आम्हाला खरा म्हणून शिकवला, याचं मला अजून वाईट वाटतं. बाबांच्या पिढीला गोव्यात रशियाची माया होती, १८ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी सुरक्षा परिषदेत भारताच्या बाजूनं व्हेटो वापरला तो रशियानंच, ते घरात कोणी विसरत नसे.

मीरची पुस्तकं मात्र डोळे मिटून घ्या. भाईनं फर्मागुडीच्या इंजिनिअरिंगला इरोदोव नावाच्या रशियन लेखकाची फिजिक्सची गणितं सोडवली, तीच प्रत आता त्याचा मुलगा सोडवतोय. गणितात पक्षाला घुसायला जागाच नव्हती.

मॉस्कोत छापलेली आता घ्यायची तर जुनीच मिळतात, सोव्हिएत युनियन १९९१ ला संपलं नि हा पुरवठाही आटला. मी ऑनलाइन एका जुन्या पुस्तकवाल्याकडनं आठशे रुपये देऊन एक मागवलं, आलं तर ३३ ते ४८ पानं गायब, म्हणजे सोळा पानांचा एक अख्खा फर्माच निसटलेला, पैसे परत मिळाले नाहीत. त्यामुळे पाठीचा नि शिवणीचा फोटो आधी मागा, पान नंबर मोजून घ्या, आणि गोव्यात ठेवणार असाल तर कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून वारा द्या.