जालन्याहून रोजची ये-जा की संभाजीनगरात खोली?

जालना ते छत्रपती संभाजीनगर साधारण ६० किलोमीटर. रेल्वेचा मासिक पास खोलीभाड्यापुढं किरकोळ. एसटीत तर मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. पण गाडी रखडली की ऑफिसात लेट मार्क, आणि संध्याकाळी घरी पोचेस्तोवर लेकरं झोपलेली. हे मला फार लागतं.

खोली घेतली तर वेळ वाचतो. मात्र डिपॉझिट, भाडं, लाइटबिल, मेस. नव्या नोकरीचा पहिला पगार हाती येण्याआधीच उसनवारी.

मी आधी ऑफिस कुठं आहे ते बघेन. शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहती जालना रोडलाच, तिथं ये-जा जमते. वाळूजची वसाहत शहराच्या पार पलीकडं, पश्चिमेला. तिथं बजाजनगरात दोघी-तिघींनी मिळून खोली घेतलेली बरी.